दगडी पाला, हळद आणि अंड्यातल्या रक्तवाहिन्या: कमी दिसल्या म्हणजे वाढ थांबली का?

प्रश्न: "मी सांगलीत एम. फार्म. करतो, गाव शिराळा तालुक्यात. आमच्याकडे विळ्या-खुरप्याने कापलं की दगडी पाला चोळून त्याचा रस लावतात. म्हणून दगडी पाला आणि जोडीला सांगलीची हळद, या दोन्हींचा रक्तवाहिन्यांच्या वाढीवर काय परिणाम होतो ते कोंबडीच्या फलित अंड्यावर तपासायला घेतलं. वाळवलेल्या पानांचा आणि बाजारातल्या हळद पावडरीचा सॉक्सलेटवर (गरम द्रावक पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणात) मिथेनॉलमध्ये अर्क काढला, कागदाच्या छोट्या चकत्यांना लावून अंड्यातल्या पडद्यावर ठेवला, चकतीमागे एक मिलिग्रॅम. दोन दिवसांनी दोन्हींकडे वाहिन्या कमी दिसल्या. हळदीचं समजू शकतो, पण जखम भरून काढणारा पाला वाहिन्या कमी कसा करेल? गावातली माणसं चुकतात की माझी चाचणी चुकली? आणि प्रबंधात काय लिहू?"

उत्तर:

दोघांपैकी कुणालाही चूक ठरवण्याइतकी माहिती अजून तुमच्या हातात नाही. वाहिन्या कमी दिसल्या, एवढंच तुम्ही पाहिलं आहे. वाढ रोखली गेली हा त्याचा एक अर्थ झाला. पेशी मेल्या, वाहिन्या आकसल्या, द्रावकाने पडदा भाजला, हेही अर्थ तितकेच शक्य आहेत, आणि एका डोसवर, दोन दिवसांनी काढलेल्या एका फोटोत हे सगळे सारखेच दिसतात. आधी हे वेगळे करायचे आणि मगच गावाशी ताळा घालायचा.

गावाची बाजू आधी घेते, कारण ती सहसा घाईत उरकली जाते. शेतात बोट कापलं की माणूस काय करतो ते नीट पाहा. बांधावर दगडी पाला असतोच. चार-सहा पानं खुडायची, तळहातावर अंगठ्याने चुरगाळायची, हिरवा रस सुटला की पिळून थेट जखमेवर सोडायचा. चांगलंच झोंबतं. चोथा वर दाबून चिंधी बांधायची आणि पुन्हा कामाला लागायचं. का लावता विचारलं तर उत्तर येतं, "रगात थांबतंय आन् जखम पिकत न्हाई." यात दोन दावे आहेत आणि दोन्हींचा नव्या रक्तवाहिन्यांशी थेट संबंध नाही. रक्त थांबणं ही मिनिटांची गोष्ट: वाहिनी आकसते, प्लेटलेट चिकटतात, गुठळी धरते. न पिकणं हा जंतूंचा प्रश्न. नव्या वाहिन्या फुटायला लागतात त्या साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, तोवर चिंधीही पडून गेलेली असते. म्हणजे "हा पाला रक्तवाहिन्या वाढवतो" असं गावात कुणी म्हटलेलंच नाही. ते वाक्य "जखम भरते" यावरून आपण प्रयोगशाळेत तयार केलं.

नव्या वाहिन्या फुटतात कशा, हे थोडक्यात डोळ्यांसमोर ठेवू. जखमेच्या तळाशी ऑक्सिजन कमी पडतो. पेशीतलं एचआयएफ नावाचं प्रथिन एरवी तयार होताच मोडलं जातं. ऑक्सिजन घटला की ते टिकतं आणि व्हीईजीएफ हा वाढघटक बनवायला लावतं. ऑक्सिजन ओळखण्याच्या या यंत्रणेच्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. व्हीईजीएफ जवळच्या बारीक वाहिनीपर्यंत पोचला की तिच्या अस्तरातली एखादी पेशी टोक काढते, भोवतालचं आवरण विरघळवत पुढे सरकते, बाकीच्या पेशी तिच्यामागे रांगेने येतात आणि नवी नळी तयार होते. बऱ्या होणाऱ्या जखमेच्या तळाशी लाल, दाणेदार मांस धरतं, त्या लालीत या कोवळ्या केशवाहिन्यांचा मोठा वाटा असतो.

हीच क्रिया कॅन्सरच्या गाठीतही चालते. नव्या वाहिन्या मिळाल्या नाहीत तर गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे फारशी वाढू शकत नाही, हा विचार जुडाह फोकमन यांनी १९७१ साली मांडला. त्याच वाटेने पुढे आलेलं बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. ते व्हीईजीएफलाच अडवतं, म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेनंतर निदान २८ दिवस आणि जखम पुरती भरेपर्यंत ते देत नाहीत. तुमच्यासाठी यातलं महत्त्वाचं असं: एकच अर्क वाहिन्या रोखून कॅन्सरवर चालतो आणि तोच वाहिन्या वाढवून जखमेवरही चालतो, असं एका प्रबंधात लिहिलं तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारेल, आणि तो विचारलाच पाहिजे. कमी डोसला एक परिणाम आणि जास्त डोसला उलटा, असं खरोखर घडू शकतं. पण मग ते डोसांच्या ओळीने दाखवावं लागतं.

लोकांचा वापर एक आणि प्रयोगशाळेत निघालं दुसरंच, यात गैर काही नाही. सदाफुलीचा काढा बऱ्याच देशांत मधुमेहावर घेत. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तो प्राण्यांवर तपासला तेव्हा साखरेवर म्हणावा तसा परिणाम दिसला नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यांनी त्या घटीचा माग काढला आणि १९५८ च्या सुमारास व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध हाती आलं. अनपेक्षित निकाल आल्यावर तो लोकांच्या समजुतीत कोंबून बसवायचा नसतो आणि लोकांना खोटं पाडायलाही वापरायचा नसतो. त्याचा माग काढायचा.

आता तुमच्या अर्काकडे येऊ. गावात वापरतात तो ताजा, कच्चा, पाण्यात मिसळणारा रस. तुम्ही घेतलीत ती वाळलेली पानं, तासन् तास उकळत्या मिथेनॉलवर फिरवलेली. उष्णतेने एन्झाइम गेली, क्षारांचं प्रमाण बदललं, आणि फ्लॅव्होनॉइड, टॅनिन वगैरे वनस्पतिजन्य द्रव्यं एकवटून आली. वनस्पती एकच असली तरी हे दोन निराळे पदार्थ आहेत. दगडी पाला, म्हणजे ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, मूळचा अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातला. चरक-सुश्रुतांच्या काळी तो इथे नव्हताच, त्यामुळे ग्रंथातली कृती शोधत बसण्यात अर्थ नाही. शिराळ्याच्या बांधावर माणूस तो कसा वापरतो हीच त्याची कृती. म्हणून मिथेनॉल अर्काबरोबर ताज्या रसाचाही गट हवा. पानं स्वच्छ धुऊन, खलबत्त्यात ठेचून, मलमलीतून पिळून, सेंट्रिफ्यूज करून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. थोडा रस वाळवून कोरडं वजन घ्या, म्हणजे दोन्ही गटांचे डोस एका मापात बसतील. रस त्याच दिवशी वापरा. एक धोका मात्र ध्यानात ठेवा: फिल्टरने जंतू अडतात, त्यांच्या कवचातलं एंडोटॉक्सिन अडत नाही. ते दाह पेटवतं, आणि दाह आला की वाहिन्या आपोआप वाढतात. रसाच्या गटात वाढ दिसली तर आनंद होण्याआधी एंडोटॉक्सिनची चाचणी करून घ्या.

अंड्याच्या चाचणीला प्रयोगशाळेत आपण कॅम म्हणतो. कोरिऑन आणि अॅलँटॉइस हे दोन पडदे चौथ्या-पाचव्या दिवशी जुळायला लागतात आणि वाहिन्यांनी भरलेला एक पातळ पडदा कवचाच्या आतून पसरतो. गर्भ त्यातूनच श्वास घेतो. चाचणी स्वस्त आहे, डोळ्यांना दिसते, आणि म्हणूनच तिच्यावर फार लवकर विश्वास बसतो.

दुकानातलं अंडं चालत नाही, लेअर फार्मवर कोंबडा नसतो. ब्रीडर फार्मची किंवा हॅचरीची फलित अंडीच लागतात, एका वयाच्या कळपाची, एकाच दिवशी घातलेली. उबवायला ठेवण्याआधी ती १५ ते १८ अंशांत आठवडाभर टिकतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला जातो आणि तेव्हा दुपारच्या एसटीने अंडी आणली तर गर्भ वाटेतच अर्धवट वाढायला लागतो, पुन्हा थंड जागी गेला की थांबतो. अशा खेपेत कंट्रोलमधलेच (अर्क न लावलेल्या, तुलनेच्या गटातलेच) गर्भ मरतात आणि दोष अर्काला लागतो. पहाटे निघा, थर्मोकोलच्या खोक्यातून आणा, नाहीतर सरळ पावसाळा सुरू झाल्यावर करा.

इन्क्युबेटर ३७.५ अंशांवर, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास. तिसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत दिव्यावर धरून गर्भ जिवंत आहे का पाहायचं, वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करायची, ७० टक्के अल्कोहोलने कवच पुसायचं. निमुळत्या टोकाजवळ सुई घालून दोन ते तीन मिलिलिटर पांढरं काढून घ्यायचं, म्हणजे आतलं सगळं खाली बसतं आणि कवच व गर्भ यांच्यात मोकळी जागा होते. मग वर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची खिडकी. इथे हात हलका लागतो. कवचाचा तुकडा उचलण्याआधी आतल्या पांढऱ्या कागदासारख्या पापुद्र्यावर सलाईनचा एक थेंब टाकला की तो ओला होऊन सैल पडतो आणि चिमट्याने न फाटता निघतो. खाली पिवळ्यावर लालसर ठिपका लुकलुकताना दिसतो, ते हृदय. निर्जंतुक पारदर्शक टेपने खिडकी बंद करायची, आणि त्यानंतर अंडं फिरवायचं नाही. खिडकी कापताना कवचाची कणी आत पडली तर ते अंडं बाजूला काढा, मन घट्ट करून काढा. दोन दिवसांत आजूबाजूच्या वाहिन्या त्या कणीकडे वळलेल्या दिसतात आणि कुणालाही वाटेल की अर्काने कमाल केली. कागदाची कोरी चकतीसुद्धा थोडा दाह देते, म्हणून नुसती चकती ठेवलेला गट आणि द्रावक लावून वाळवलेली चकती ठेवलेला गट, असे दोन वेगळे कंट्रोल हवेत. मिथेनॉल पूर्ण उडालेलं असलं पाहिजे. ओलसर चकती ठेवलीत तर पडदा भाजतो, आणि तुमच्या निकालाचं एक कारण तेच असू शकतं.

आठव्या दिवशी चकती ठेवायची, मोठ्या वाहिन्यांपासून दूर. आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या गोंधळाची किल्ली पुढच्या अर्ध्या तासात आहे. चकती ठेवण्याआधी एक फोटो काढा. मग पाच मिनिटांनी, अर्ध्या तासाने, २४ तासांनी आणि ४८ तासांनी, त्याच अंतरावरून, त्याच उजेडात. नवी वाहिनी उगवायला किंवा तिची वाढ थांबायला तास लागतात, दिवस लागतात. पाच मिनिटांत वाहिन्या बारीक झाल्या तर ते आकसणं आहे. पाच मिनिटांत रक्त झिरपलं, गोठलं किंवा वाहिनी विरघळल्यासारखी नाहीशी झाली तर तो क्षोभ किंवा विषार आहे; डोळ्याला क्षोभक असलेली द्रव्यं ओळखायला याच पडद्यावर पाच मिनिटांची वेगळी चाचणी करतात. दगडी पाल्यात टॅनिन आहे आणि टॅनिन प्रथिनांना धरून आवळतं. त्याने पडदा पांढुरका पडला, वाहिन्या आकसल्या, तर वरून मोजताना त्या कमीच भरणार. पण रक्त थांबवणाऱ्या पाल्याकडून आकसण्याचीच तर अपेक्षा आहे! असं निघालं तर गावातल्या माणसांचा दावा तुमच्या अंड्याने खोडला नाही, उलट त्याला आधार दिला. हे माझं अनुमान आहे, सिद्ध झालेलं नाही. पाच मिनिटांचा फोटो ते सिद्ध करेल किंवा पाडेल.

पेशी मेल्या का, हे पाहायला डोसांची ओळ लागते. चकतीमागे एक मिलिग्रॅम हा फार मोठा घास आहे. तीन, दहा, तीस, शंभर, तीनशे मायक्रोग्रॅम असे टप्पे घ्या. वाहिन्या हळूहळू, डोसाप्रमाणे कमी होत गेल्या आणि गर्भ जिवंत राहिले, वाढत राहिले, तर वाढ रोखली गेल्याची शक्यता धरायची. शंभरापर्यंत काहीच नाही आणि तीनशेला एकदम वाहिन्याही गेल्या, गर्भही मेले, तर तो विषार. मेलेल्या गर्भांचा आकडा प्रत्येक गटाचा वेगळा लिहा. बऱ्याच प्रबंधांत हा आकडाच नसतो, आणि तो नसेल तर पुढच्या कोणत्याच आकड्याला किंमत उरत नाही, असं मी तरी मानते.

दुसरी बाजू, जी तुमच्या कामात जास्त महत्त्वाची. पाला वाहिन्या वाढवतो का हे तपासायला तुम्ही वापरलेली पद्धत मुळातच कच्ची आहे. आठव्या ते दहाव्या दिवशी हा पडदा स्वतःच झपाट्याने वाहिन्या फोडत असतो. भर पावसात शेताला पाणी दिलं तर ते कुणाला दिसणार? वाढवणाऱ्या द्रव्याचा परिणाम त्या नैसर्गिक वाढीत बुडून जातो. त्यासाठी कोलॅजनच्या जेलमध्ये अर्क मिसळून, दोन बारीक जाळ्यांच्या मध्ये ठेवून तो तुकडा पडद्यावर ठेवतात. त्यात आधीची वाहिनी एकही नसते. वरच्या जाळीच्या चौकटींमध्ये जी वाहिनी चढून आलेली दिसते ती नवीच. सोबत व्हीईजीएफ किंवा बीएफजीएफ हा दुसरा वाढघटक घातलेला गट हवा, वाढ दिसायला हवी तिथे दिसते हे दाखवायला. रोखण्याच्या बाजूला सुरामिन किंवा सुनिटिनिब, वाहिन्या रोखणारी म्हणून माहीत असलेली द्रव्यं. या दोन टोकांशिवाय मधल्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

मोजताना दोन गोष्टी सांभाळा. अंड्यांना सांकेतिक क्रमांक मैत्रिणीने किंवा मित्राने द्यावेत आणि मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. आपल्या अर्काकडून आपल्याला काय हवं आहे ते डोळ्याला कळतं आणि फांद्या मोजताना एखादी फांदी सुटते किंवा वाढते, कितीही प्रामाणिक माणूस असला तरी. आणि एकक अंडं हेच आहे. एका अंड्याचे पाच फोटो म्हणजे पाच नमुने होत नाहीत. सहा अंडी आणि तीस फोटो असतील तर तुमचा एन, म्हणजे नमुन्यांची संख्या, सहा आहे. प्रत्येक गटात शेवटी दहा-बारा जिवंत अंडी उरतील इतकी सुरुवातीला घ्या, आणि प्रत्येक खेपेतली अंडी सगळ्या गटांत वाटा. सोमवारच्या खेपेची सगळी कंट्रोलला आणि गुरुवारची सगळी अर्काला, असं केलंत तर तुम्ही सोमवार आणि गुरुवारची तुलना करत बसाल. वीज गेली तर किती वेळ गेली आणि तापमान कुठवर उतरलं ते वहीत नोंदवा.

हळदीबद्दल "समजू शकतो" असं तुम्ही लिहिलंत, मला तिथेच थांबवावंसं वाटतं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरची पेवं (हळद साठवायची जमिनीतली कोठारं) आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, आणि म्हणून इथल्या विद्यार्थ्याला हळद ही ओळखीची वस्तू वाटते. प्रयोगासाठी ती ओळखीची नाही. तुमच्या पावडरीत कोणत्या जातीची हळद होती? राजापुरी, सेलम, की कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राची फुले स्वरूपा? हळकुंड होतं की गड्डा? किती वेळ शिजवलं, पेवात किती वर्षं होतं? हळदीतल्या कर्क्युमिन या पिवळ्या द्रव्याचं प्रमाण साधारण दोन ते पाच टक्क्यांच्या घरात हलतं, म्हणजे एका मिलिग्रॅममागे दुपटीहून जास्त फरक. शिवाय बाजारातल्या पावडरीला रंग चढवायला मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट मिसळल्याची उदाहरणं आहेत. लेड क्रोमेट म्हणजे शिसं आणि क्रोमियम, दोन्ही पेशींना विषारी. अशी पावडर अंड्यावर गेली असेल तर वाहिन्या कशाने कमी झाल्या हे सांगता येणार नाही. शेतकऱ्याकडून पॉलिश न केलेली हळकुंडं घ्या, स्वतः दळा, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) कर्क्युमिन मोजा, आणि शिसं तपासून घ्या. डिग्रज तुमच्यापासून लांब नाही, जातीची खात्री असलेला नमुना तिथे विचारता येईल.

कर्क्युमिन स्वतःही अवघड रेणू आहे. सीरम नसलेल्या, पीएच ७.२ च्या द्रावणात ३७ अंशांवर अर्ध्या तासात त्याचा ९० टक्के भाग मोडतो. ते पिवळं आहे, प्रकाशमान आहे, अनेक प्रथिनांना उगाच चिकटतं, आणि म्हणून कितीतरी चाचण्यांत खोटा होकार देतं. पेशींवर काम करणार असाल तर एमटीटीवर, म्हणजे जिवंत पेशी ज्यात रंगद्रव्याला जांभळं करतात त्या चाचणीवर, विसंबू नका. हळद काय आणि पाला काय, दोन्हींतले फिनॉल त्या रंगद्रव्याला पेशींशिवायच जांभळं करू शकतात. पेशी नसलेल्या खळग्यात अर्क आणि एमटीटी घालून पाहा, लगेच कळेल. पेशी ट्रिपॅन ब्लूवर (मेलेल्या पेशींना निळं करणाऱ्या रंगावर) मोजलेल्या बऱ्या. आणि डोसाचं भान हवं: रोज आठ ग्रॅम कर्क्युमिन तोंडाने घेतलेल्या रुग्णांच्या रक्तात ते सरासरी १.८ मायक्रोमोलरच्या आसपासच पोचलं होतं. प्रयोगशाळेतल्या पेशींच्या ताटलीत वीस-तीस मायक्रोमोलरला वाहिन्या थांबल्या, म्हणून दुधात हळद घालून कॅन्सर थांबेल, असा अर्थ निघत नाही.

अंड्यानंतर काय, असं विचाराल तर नाळेच्या शिरेतल्या अस्तरपेशी हा योग्य पुढचा टप्पा. मॅट्रिजेल या प्रथिनांच्या जेलवर त्या काही तासांत नळ्यांचं जाळं विणतात. तिथे पेशी जिवंत ठेवणाऱ्या डोसलाच जाळं तुटलं तर बोलायला जागा आहे. झेब्राफिश या छोट्या माशाचं पिल्लू सुंदर आहे, अंगातून आरपार दिसतं, अर्क कमी लागतो, पण सोय असलेल्या ठिकाणी जाऊन करा, एका प्रबंधासाठी टाक्या मांडत बसू नका. उंदराच्या जखमेचा छेद घेऊन सातव्या दिवशी केशवाहिन्या मोजणं हाच जखमेच्या प्रश्नाचा खरा कस, पण त्याला प्राणी नीतिशास्त्र समितीची परवानगी लागते. अंड्यांसाठीही आपल्या संस्थेच्या समितीला आधी विचारून ठेवा, आणि प्रयोग चौदाव्या दिवसाच्या आत संपवा.

वनस्पतीच्या ओळखीवर तुम्ही एक शब्दही लिहिलेला नाही. दगडी पाला, एकदांडी, कंबरमोडी, गावागणिक नावं फिरतात आणि एकच नाव दोन वनस्पतींनाही असतं. जो माणूस वापरतो त्यालाच सोबत घेऊन, त्याच बांधावरून, फुलासकट नमुना घ्या: लांब एकट्या देठावर पिवळं फूल, कडेला फिकट पांढऱ्या, टोकाला तीन दाते असलेल्या पाकळ्या. दाबून वाळवा, पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रातून ओळख पटवून घ्या, आणि तो नमुना क्रमांक प्रबंधात द्या. दगडी पाला हे तण आहे, कितीही काढा. पण या कामाची गोडी लागून उद्या तुम्ही चांदोलीच्या, कोयनेच्या किंवा कासच्या वनस्पतींकडे वळाल, तर वनविभागाच्या परवानगीशिवाय पानही तोडू नका. नरक्या या झाडाचं काय झालं ते आपल्या भागाने पाहिलं आहे. वॉल आणि वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्टोथेसिन हे कॅन्सरविरोधी द्रव्य काढलं, १९७२ मध्ये ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात भरपूर असल्याचं कळलं, आणि त्यापासून बनलेली टोपोटेकन, इरिनोटेकन ही औषधं आज कॅन्सरच्या वॉर्डात रोज वापरली जातात. मोल कळताच झाडं मुळासकट तोडून पोत्यांनी बाहेर गेली. आज महाबळेश्वर-कोयनेच्या रानात मोठा नरक्या सापडला की मला आनंद होतो आणि त्याची जागा मी कुणाला सांगत नाही.

आता प्रबंधात काय लिहायचं. झालेली फेरी फेकू नका, तिला प्राथमिक फेरी म्हणा. वाक्य असं: "वाळलेल्या पानांच्या मिथेनॉल अर्काने चकतीमागे एक मिलिग्रॅम या डोसला ४८ तासांनी दिसणाऱ्या वाहिन्यांची संख्या घटली, ही घट वाढ रोखल्यामुळे, आकसण्यामुळे की विषारामुळे, हे या फेरीवरून ठरत नाही." पुढे गर्भमृत्यूचा आकडा. हळदीसाठी पावडरीची ओळख पटलेली नाही असं स्वच्छ लिहा आणि ती फेरी नव्या नमुन्यावर पुन्हा करा. वाढ रोखणारा, कॅन्सरविरोधी, जखम भरणारा, यातलं एकही विशेषण शीर्षकात नको. निकाल गावच्या बातमीदाराच्या हाती लागला की तो मथळ्यात कॅन्सर घालणारच, आणि मग तुमचा फोटो दाखवून कुणीतरी पुडी विकेल. कॅन्सर आणि मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी पुड्या विकल्या जातात.

आणि हे गावात आवर्जून सांगा. खुरप्याच्या किरकोळ कापण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पाला लावला, ते ठीक. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाच्या जखमेवर मात्र तो लावू नये. त्या पायात आधीच रक्त कमी पोचत असतं, संवेदना नसते, झोंबलेलं कळत नाही, आणि बांधावरच्या पानासोबत मातीही जाते. तुमच्या चाचणीत पाल्याने वाहिन्या आकसतात असं निघालं तर हा धोका आणखी वाढतो. अशा माणसाला त्याच दिवशी मिरजेला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या, जखम धुऊन घ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

पुढची खेप मागवण्याआधी हॅचरीला कळपाचं वय विचारा, आणि पाच मिनिटांच्या फोटोसाठी कॅमेरा स्टँडला घट्ट बसवून ठेवा. हातात धरून काढलेल्या दोन फोटोंत वाहिनीची जाडी ताडून पाहता येत नाही. ते फोटो आले की मला दाखवा.